घाबरलेल्याची साक्ष

आमच्याकडे भीतीची गोष्ट नुसती भीतीची म्हणून कुणी सांगत नाही. शेंदूरजनाघाटच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे आणि त्याच्या पायथ्यापर्यंत संत्र्याच्या बागा गेल्या आहेत. आंबिया बहाराची फळं झाडावर पिकून आली की या बागांमध्ये रात्रीही माणसं असतात, जागलीला आलेली. कधी रानडुक्कर येतं, कधी रोह्यांचा कळप येतो, कधी माणूसच पोतं घेऊन येतो. शेकोटी पेटते, कुणीतरी बिडी शिलगावतो आणि मग मागच्या साली कुणाला काय दिसलं होतं त्याची गोष्ट निघते. "मले वाटलं, इहिरीपाशी कोनीतरी उभं हाय." "मंग?" "मंग म्या इचारलं, कोन हाय थो? तं थो बोलेच ना." इथे ऐकणारे हसतात. "भेला असशीन तू." "भेलो ना बापा, काहून नाई भेनार?" पुन्हा हशा पिकतो. गोष्ट पुढे सरकते आणि हसणाऱ्यांपैकी प्रत्येकजण नकळत शेकोटीच्या एक वीत जवळ आलेला असतो.

या गोष्टींचा ठेका ठरलेला आहे. पहिल्यांदा ज्याला दिसतं तो गावातला सगळ्यात धीट माणूस कधीच नसतो. असतो एखादा सालदार, एखादं पोरगं, नाहीतर रात्री झोप न येणारी म्हातारी. त्याचं म्हणणं कुणी खरं मानत नाही. चार जणांना घेऊन तो परत जातो, तर तिथे काहीच नसतं. पुन्हा एकटा असताना पुन्हा दिसतं. गोष्टीच्या शेवटी भूत निघत नाही. निघतो मोटारीची केबल कापून नेणारा चोर, किंवा पाय अडकून पडलेला रोही. पण काहीतरी निघतंच. ज्याला सगळे हसले त्याने पाहिलं होतं ते खरं असतं. विनोदी रहस्यपट मी जेव्हा मन लावून पाहू लागलो, तेव्हा जगभरच्या या चित्रपटांचा कणाही हाच आहे, हे मला हळूहळू दिसत गेलं. घाबरलेला माणूस साक्षीदार असतो आणि त्याची साक्ष कुणी घेत नाही.

1948 साली अमेरिकेत 'ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन' आला. त्यात कॉस्टेलो हा गुबगुबीत, भित्रा हमाल ड्रॅक्युलाच्या शवपेटीसमोर असतो. पेटीचं झाकण हलतं, त्यावर ठेवलेली मेणबत्ती सरकते. तो ओरडतो. त्याचा शहाणा जोडीदार ॲबट धावत येतो, तोवर सगळं जागच्या जागी. जोडीदार गेला की झाकण पुन्हा हलतं. या प्रसंगात एक शिस्त आहे आणि ती या प्रकाराची पहिली रीत म्हणावी लागेल. ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी एकदाही हसवायला जात नाही. भीतीची बाजू पूर्ण गंभीरपणे उभी असते; हसू येतं ते फक्त भिणाऱ्याच्या बाजूने. दुष्टाने विदूषकी सुरू केली की धोका संपतो, आणि धोका संपला की हसूही पातळ होतं. त्याआधी 1939 साली 'द कॅट अँड द कॅनरी'मध्ये बॉब होपने वाड्यात अडकलेला असा माणूस उभा केला होता, जो घाबरल्यामुळेच विनोद करत राहतो. तोंड थांबलं तर आपलेच दात वाजताना ऐकू येतील, ही त्याची अडचण. असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

आता हे पडद्यावर घडतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. दिग्दर्शक फ्रेमचे दोन भाग करतो. पुढच्या भागात आपल्याकडे तोंड करून बोलत असलेला माणूस. मागच्या भागात, त्याच्या खांद्यावरून, हळूच उघडणारं दार. मध्ये कट नाही. कट केला तर आपण आधी त्याचा चेहरा पाहू आणि मग दार पाहू. एकाच फ्रेममध्ये दोन्ही असलं की आपल्याला दिसतं आणि त्याला दिसत नाही, हे अंतरच दृश्य होऊन बसतं. हिचकॉकने 1962 साली फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आहे हे त्याला आधी सांगितलं तर तीच साधी गप्पाटप्पांची पंधरा मिनिटं त्याला श्वास घेऊ देत नाहीत. विनोदी रहस्यपट या बॉम्बशेजारी एक गोंधळलेला माणूस बसवतो आणि त्याची चहाची बशी नेमकी टेबलाखाली पडू देतो. तो वाकतो. त्याला बशी सापडते, बॉम्ब दिसत नाही. आपण हसतो आणि त्याच श्वासात आपल्या पोटात गोळा येतो. ही दोन्ही एका क्षणात घडवणं नुसत्या रहस्यपटालाही जमत नाही, नुसत्या विनोदालाही नाही.

मराठी वाचकाला रहस्याची चटक लावली ती बाबूराव अर्नाळकरांनी. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाचे झुंजार आणि काळा पहाड गावोगावच्या वाचनालयांतून फाटेपर्यंत वाचले गेले. पुढे गुरुनाथ नाईकांनी तोच वारसा शेकडो पुस्तकांतून चालवला. या कथांचे नायक निर्भय होते. अंधारात शिरताना त्यांचा पाय अडखळत नसे. त्यांच्यावर वाचक जीव टाकत, पण त्यांच्या जागी स्वतःला ठेवताना मनात कुठेतरी शंका राहत असे, कारण आपण एवढे धीट नाही हे प्रत्येकाला माहीत असतं. मराठी रहस्याच्या अंधारात भिणारा माणूस नायक म्हणून शिरला आणि घराघरांतला झाला, तो बऱ्याच पुढे, महेश कोठारे यांच्या चित्रपटांतून. त्याचा चेहरा लक्ष्मीकांत बेर्डे यांचा होता.

1989 सालचा 'थरथराट', 1990 सालचा 'धडाकेबाज', आणि 1993 सालचा 'झपाटलेला'. या तिन्हींत खलनायक असे आहेत की लहान मुलं आजही त्यांची नावं घेतात: टकलू हैवान, कवट्या महाकाळ, तात्या विंचू. 'झपाटलेला'मध्ये तर गोष्टीचा गाभाच मला आमच्या शेकोटीचा वाटतो. मृत्युंजय मंत्र मिळवलेला गुंड मरताना एका बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला लक्ष्याच्या, म्हणजे बेर्डे यांच्या, हाती येतो. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचं वेड आहे. म्हणजे बाहुला बोलला तर लोक लक्ष्याचीच करामत समजणार. पटकथेतली ही योजना मला फार मोलाची वाटते. शब्दभ्रमाची कला ज्याला येते त्याच्याच हातात खरोखर बोलणारा बाहुला द्यायचा! जगात असा एकच माणूस असू शकतो ज्याची ही तक्रार कुणीच कधीच खरी मानणार नाही, आणि लेखकाने नेमका तोच निवडला. विनोद आणि कोंडी एकाच मुळातून फुटली आहेत.

तो बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी अर्धवटरावांना जन्म दिला आणि रामदासांनी त्यांना महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवलं. ज्या घराण्याच्या बाहुल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना हसवलं, त्याच घराण्याच्या हातातून मुलांना पलंगाखाली बघायला घाबरवणारा बाहुला आला. आणि तात्या विंचूला दिलीप प्रभावळकरांनी जो आवाज दिला, त्यात गंमत करण्याचा सूर नाही. तो खर्जातला, खराखुरा दुष्ट आवाज आहे. लुगोसीची शिस्त इथेही पाळलेली आहे. धमकी बाहुल्याची, फजिती लक्ष्याची. दोघांनी एकमेकांचं काम घेतलेलं नाही. म्हणूनच बेर्डे जेव्हा डोळे मोठे करून, शब्द अर्धे गिळत, एकाच वाक्याला चार वेळा सुरुवात करतात, तेव्हा आपण त्यांना हसत असतानाही त्यांच्या बाजूला गेलेले असतो.

हे चित्रपट आमच्या भागात कसे पाहिले गेले, त्याशिवाय त्यांची गोष्ट पुरी होत नाही. वऱ्हाड 1956 साली मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, पण चित्रपट वितरणाच्या धंद्यात आमचा मुलूख पुढेही 'सी. पी. बेरार'च राहिला. अमरावती आणि भुसावळ ही त्या धंद्याची मोठी ठाणी. रिळांचे डबे तिथून निघायचे आणि तालुक्याच्या टॉकीजपासून यात्रेतल्या तंबूपर्यंत फिरत राहायचे. चांदूरबाजार तालुक्यातल्या बहिरमच्या यात्रेत, ऐन थंडीत, एकीकडे हंडीतल्या मटणाचा आणि रोडग्यांचा वास, आणि दुसरीकडे तंबूतल्या पडद्यावरचा प्रकाश. तंबूत खुर्च्या नसत. माणसं मांडी घालून, घोंगडी पांघरून बसत. गणपतीत गल्लीगल्लीत व्हीसीआर भाड्याने यायचा, तेव्हाही बसण्याची पद्धत तीच.

त्या गर्दीत बसल्यावर मला या चित्रपटांची दुसरी रीत कळली. पडद्यावर लक्ष्याच्या मागे बाहुला हलला की तंबूतून आवाज उठायचा, "मांगं पाय! लक्ष्या, मांगं पाय ना बे!" बायका ओरडत, म्हातारे ओरडत, आईच्या मांडीवरची पोरंही ओरडत. ज्याची साक्ष पडद्यावर कुणी घेत नव्हतं, त्याच्यासाठी इथे अख्खा तंबू साक्ष द्यायला उभा होता. तमाशातला सोंगाड्या प्रेक्षकांशी थेट बोलतो, त्यामुळे आपल्या लोकांना नटाशी संवाद करण्याची सवय जुनीच आहे. दोन भागांत मांडलेल्या त्या फ्रेमचा खरा उपयोग मला तिथे उमगला. दिग्दर्शक आपल्याला पात्राहून थोडं जास्त सांगतो. त्यामागे पात्र मूर्ख ठरावं असा हेतू नसतो. त्या पात्राला वाचवण्याची जबाबदारी आपल्याला वाटावी, यासाठी ते सांगितलेलं असतं.

मग राहतो तो वेळेचा प्रश्न, आणि त्याबाबत संत्र्याच्या बागेने मला जे शिकवलं ते दुसरीकडे मिळालं नसतं. आंबिया बहार घ्यायचा तर झाडाचं पाणी तोडावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत बाग ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड वाढ थांबवून आत काहीतरी साठवू लागतं. मग पाणी दिलं की फांदीफांदीवर फूल फुटतं आणि सगळ्या गावाला वास येतो. ताण कमी पडला तर पालवी फुटते, फूल येत नाही. जास्त झाला तर फांद्या वाळतात, झाडाला सल पडते. हलक्या जमिनीला ताण थोडे दिवस पुरतो, भारी काळ्या जमिनीला जास्त लागतो. प्रत्येक बागेचा हिशोब वेगळा आणि तो झाडाकडे पाहूनच करावा लागतो. विनोदी रहस्यपटाचा संकलक हेच करत असतो. भीती ताणत न्यायची, प्रेक्षक मलूल होईपर्यंत. मग नेमक्या क्षणी हसू सोडायचं. पाणी आधीच दिलं तर नुसती पालवी, म्हणजे वरवरचा खिदळ. आणि प्रेक्षक पुन्हा टवटवीत झाला की पाणी पुन्हा तोडायचं.

हा हिशोब अलीकडे सगळ्यात सुरेख जमलेला मी पाहिला तो श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन'मध्ये. 2018 सालचा हा हिंदी चित्रपट, पण घडतो पुण्यात. त्याची पहिली दृश्यं तर आमच्या ओळखीची आहेत: कोबीचं शेत, पिकात शिरलेला ससा आणि बंदूक घेऊन त्याच्या मागे लागलेला राखणदार. नायक पियानो वाजवतो आणि आंधळा असल्याचं नाटक करतो. जुन्या नटाच्या फ्लॅटमध्ये तो वाजवायला जातो, आणि तिथे त्या नटाचं प्रेत पडलेलं असतं. त्याला ते दिसतं, पण दिसलं असं दाखवता येत नाही. तो वाजवत राहतो. नटाची बायको आणि तिचा प्रियकर हातवारे करत, पाय न वाजवता, प्रेत बॅगेत भरतात, रक्त पुसतात. संपूर्ण प्रसंगात कामाचा एक शब्द नाही, फक्त पियानो. जे खुनी आहेत तेच मूकनाट्यातल्या विदूषकांसारखे वावरतात, आणि तरी त्यांचं गांभीर्य क्षणभरही ढळत नाही. साक्षीदार सगळ्यांच्या समोर बसला आहे आणि त्याची साक्ष त्याने स्वतःच गहाण टाकली आहे. पुढे तो पोलीस ठाण्यात जातो, तर समोरचा अधिकारी म्हणजेच तो प्रियकर. शेकोटीभोवती ही गोष्ट सांगितली असती तर इथे मोठा हशा झाला असता आणि त्या हशानंतर कुणी बराच वेळ बोललं नसतं.

तिसरी रीत प्रामाणिकपणाची. रहस्यकथेचा अलिखित करार असा, की उत्तराचा धागा प्रेक्षकाला आधी दाखवलेला असला पाहिजे. शेवटी आभाळातून उत्तर पडलं तर तो विश्वासघात ठरतो. पण दाखवूनही लपवायचं कसं? विनोदी रहस्यपट तो धागा हशाखाली ठेवतो. माणूस हसताना तपासत नाही. एखादं पात्र घसरून पडतं, आपण हसतो, आणि ज्या वस्तूवरून ते घसरलं ती वस्तू आपल्या डोळ्यांपुढून जाते. मागे वळून आठवलं की कळतं, सगळं समोरच होतं. बस्टर कीटनने 1924 सालीच 'शरलॉक ज्युनियर'मध्ये हे ओळखलं होतं. गुप्तहेर व्हायचं स्वप्न पाहणारा टॉकीजमधला प्रोजेक्टर चालवणारा पोरगा घड्याळ चोरल्याच्या आळात सापडतो. तो झोपेत पडद्यात शिरून मोठमोठी रहस्यं उलगडत असतो, तोवर त्याची मैत्रीण सरळ गहाणवटीच्या दुकानात जाऊन घड्याळ कुणी ठेवलं ते विचारून येते. इतकं साधं उत्तर आपल्याला सुचत नाही, कारण आपण हसण्यात गुंतलेलो असतो.

आणि कुंदन शाह यांचा 1983 सालचा 'जाने भी दो यारों'. मुंबईतले दोन फाटके छायाचित्रकार एका बागेत फोटो काढतात, तो मोठा करत नेतात आणि त्यात खून दिसतो. मिकेलांजेलो अँटोनिओनीच्या 1966 सालच्या 'ब्लो-अप'ला हा उघड नमस्कार आहे, म्हणून त्या बागेचं नावही अँटोनिओनी पार्क. पुढचा सगळा धुमाकूळ, प्रेताची पळवापळवी, महाभारताच्या नाटकात शिरलेला तो अफाट गोंधळ, हे सगळं आपल्याला पोट धरून हसवतं. आणि शेवटी ज्यांनी पाहिलं, ज्यांच्याकडे पुरावा होता, तेच दोघे कैद्यांच्या कपड्यांत समोर येतात आणि गळ्यावरून हात फिरवतात. या प्रकाराचा करार इथे मुद्दाम मोडलेला आहे. घाबरलेल्याची साक्ष खरी ठरते हा करार आपल्या अंगात इतका मुरलेला असतो, की तो मोडला की आपल्याला एका चित्रपटापुरतं दुःख होत नाही; अख्ख्या शहरावर राग येतो. कुंदन शाह यांना तो रागच हवा होता, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

म्हणून या चित्रपटांना कुणी हलकं म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. गावात कुणाचा शब्द चालतो आणि कुणाचा चालत नाही, हा काही लहान प्रश्न नाही. बागेत रात्री सालदार असतो, पण सकाळी चावडीवर बोलतो तो बागवान. घरात काहीतरी बिनसलंय हे सुनेला आधी कळतं, पण विचारलं जातं सासऱ्याला. पोराने काही पाहिलं तर त्याला आधी झोपायला पाठवतात. विनोदी रहस्यपट या सगळ्यांना दीड-दोन तास देतो. त्यांना हसू देतो, भिऊ देतो, अडखळू देतो, आणि तरीही सत्य त्यांच्याच हाती ठेवतो. धीट माणसाचं कौतुक करणाऱ्या कथा खूप आहेत. भिणाऱ्याने भीत भीत का होईना, पुन्हा विहिरीपाशी जाऊन पाहिलं, याचं मोल ओळखणारा प्रकार मला हाच दिसतो.

माझी एक इच्छा आहे. असा एक चित्रपट आमच्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात घडावा. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधणारी, रोपवाटिकेत दिवसभर राबणारी एक बाई त्यात नायिका असावी. रात्रीत बागेतून काहीतरी गायब होत असावं: मोटारी, केबली, तोडून ठेवलेला माल. तिने पाहिलेलं असावं आणि तिचं कुणी ऐकू नये. तिची बोली वऱ्हाडी असावी, आणि ती बोली लोकांना हसवायला म्हणून आणलेली नसावी, तर तिच्याच ठसक्याने तिची भीती आणि तिचा हट्ट दोन्ही कळावेत. चोर निघेल तो पूर्ण गंभीर असावा. फ्रेमच्या मागच्या भागात त्याची सावली हलावी, आणि तालुक्याच्या टॉकीजमधल्या प्रेक्षकांनी ओरडून तिला सावध करावं. आणि अखेरीस पंचनामा होईल तेव्हा, त्यात पहिली साक्ष तिची लिहिली जावी.